टच हवा असेल तर आधी बिजागरी बघा

टॅब बंद करायची ती बारीक फुली असते ना, ती मी एकदा पट्टी लावून मोजली. घरातला ११.६ इंची स्वस्त लॅपटॉप, स्क्रीन १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलची. फुली भरली जेमतेम ३ मिलिमीटर. मग काचेवर तर्जनी टेकवून उमटलेला ठसा मोजला, तो निघाला ९ मिलिमीटर. माउसचा बाण एका पिक्सेलवर नेमका बसतो. बोट मात्र पन्नासेक पिक्सेल रुंदीचा पट्टा व्यापतं, आणि जिथे टेकायचंय नेमकं तेच झाकून टाकतं. मग फुलीच्या नादात शेजारचाच टॅब उघडतो आणि आपण चडफडत टचपॅडकडे वळतो.

लॅपटॉप घ्यायला निघालेले ओळखीतले लोक "टच घेऊ की साधाच?" असं हमखास विचारतात. महागड्या लॅपटॉपबद्दल याचं उत्तर सोपं आहे: परवडत असेल तर घ्या, नाही वापरला तर नाही. पण जो लॅपटॉप स्वस्त आहे आणि ज्याचं बहुतेक काम इंटरनेटवरच चालतं, त्याच्याबाबतीत इतकं सहज सांगता येत नाही. तिथे प्रत्येक सुट्या भागाची किंमत काटकसरीने धरलेली असते. टचसाठी दिलेले पैसे मेमरीतून, बॅटरीतून नाहीतर स्क्रीनच्या दर्जातून वळते होतात.

असा लॅपटॉप म्हणजे मुख्यतः क्रोमबुक, गूगलच्या क्रोम ब्राउझरभोवती बांधलेलं. एसर आणि सॅमसंगची पहिली क्रोमबुकं जून २०११ मध्ये बाजारात आली. कल्पना साधी होती. लोक दिवसभर ब्राउझरच उघडून बसतात, तर मग लॅपटॉप म्हणजे ब्राउझरच का असू नये? पत्र लिहायचं ते ब्राउझरमध्ये, हिशेबाचा तक्ता ब्राउझरमध्ये, फाइली गूगल ड्राइव्हवर. सगळं सामान दुसरीकडे, म्हणून घरातलं कपाट छोटं चालतं: १६ किंवा ३२ जीबी जागा, बेताचा प्रोसेसर, पंखाही नसला तरी भागतं. त्यामुळे किंमत उतरते. लॅपटॉप हरवला किंवा बिघडला तर दुसऱ्यावर लॉगिन करायचं, काम होतं तिथून पुढे सुरू. शाळांना तो आवडला तो याच कारणाने.

या सगळ्यात टचची गरज कुठेच नव्हती. तरी फेब्रुवारी २०१३ मध्ये गूगलने क्रोमबुक पिक्सेल काढलं, आणि टचस्क्रीनचं पहिलं क्रोमबुक तेच. किंमत १२९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सत्तर हजार रुपयांच्या आसपास. स्क्रीन २५६० गुणिले १७०० पिक्सेलची, डोळ्याला अतिशय गोड. गंमत अशी की त्या काचेला बोट लावून करण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं. ब्राउझर माउससाठी घडवलेला, वेबसाइट्स माउससाठी घडवलेल्या. एवढे पैसे मोजून माणूस पानं बोटाने वरखाली सरकवायचा, बस.

त्याच वर्षाच्या शेवटी एसरने सी७२०पी आणलं, २९९ डॉलरना. स्वस्त क्रोमबुकात टच आला तो इथे. याचं टच नसलेलं भावंड सी७२० हे १९९ डॉलरपासून मिळायचं. मधल्या शंभर डॉलरमध्ये साठवणही दुप्पट होती, म्हणजे सगळा फरक काचेचा नव्हे. पण कंपनीच्याच आकड्यांनुसार बॅटरी साडेआठ तासांवरून साडेसातवर आली आणि वजन शंभरेक ग्रॅमनी वाढलं. टचचा खर्च नुसता बिलात दिसत नाही, तो असा चार ठिकाणी विभागून बसतो.

वजन का वाढलं? वर आणखी एक काच आली, हे उघड आहे. बॅटरी का घटली, ते समजायला त्या काचेत काय असतं ते बघायला हवं. काचेवर इंडियम-टिन ऑक्साइड नावाच्या पदार्थाच्या पारदर्शक रेषा ओढलेल्या असतात, काही उभ्या, काही आडव्या, चटईच्या विणीसारख्या. जिथे उभी रेष आडवीला ओलांडते तिथे विजेचा एक अगदी बारीक साठा तयार होतो. आपलं शरीर वीज वाहून नेतं, त्यामुळे बोट जवळ आलं की त्या छेदावरचा साठा किंचित कमी होतो. एक छोटी चिप सेकंदाला साधारण शंभर वेळा सगळे छेद तपासते आणि साठा कुठे घटला ते हुडकते. आपण काहीच करत नसलो तरी ही गस्त चालूच, फार तर जरा सावकाश. नखाने टच चालत नाही, कणीक मळताना पाककृतीचं पान पुढे सरकत नाही आणि ओल्या हाताने भलतंच काही उघडतं, त्याचं मूळ याच साठ्यात आहे. पाणीसुद्धा वीज वाहून नेतं, त्यामुळे चिपला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्लाउडवर चालणारा लॅपटॉप, म्हणजे बोट टेकवल्याचा निरोपही आधी दूरच्या सर्व्हरला जातो आणि तिकडून उत्तर येतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. बोट कुठे टेकलं, पान किती सरकलं, अक्षर कुठे उमटलं, हे सगळं हातातलं यंत्रच ठरवतं. वेबपानाबरोबर आलेला प्रोग्राम ब्राउझरमध्ये इथेच चालतो. सर्व्हरकडे जातं ते नंतर, मागच्या दाराने: "हा बदल झाला, जपून ठेव."

आणि असं असणं भाग आहे. बोट सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने फिरतंय असं धरू. यंत्राने प्रतिसाद द्यायला एक दशांश सेकंद लावला, तर बोटाखालची रेघ बोटाच्या २ सेंटिमीटर मागून येणार. माउस वापरताना तेवढाच उशीर झाला तरी फारसा जाणवत नाही, कारण हात टेबलावर असतो आणि बाण पडद्यावर, दोघांची समोरासमोर गाठच पडत नाही. टचमध्ये बोट आणि चित्र एकाच जागी असतात, त्यामुळे चोरी लगेच पकडली जाते. बेताचा प्रोसेसर टचला महाग पडतो तो असा. टाइप करताना जो लॅपटॉप ठीक वाटतो तोच बोटाने पान सरकवताना रखडल्यासारखा वाटू शकतो. ज्या सेवांमध्ये अख्खा संगणकच दूर असतो आणि आपल्याकडे फक्त त्याचं चित्र येतं, तिथे मात्र प्रत्येक स्पर्श खरोखरच लांबचा फेरा मारून येतो. तिथे बोटाने चित्र काढायच्या भानगडीत पडू नये.

वेबसाइट्सची तऱ्हा आणखी वेगळी. फोन आले तेव्हा अनेक साइट्सनी एक सोपी खूण धरली: यंत्राला टच आहे, म्हणजे तो फोन आहे, म्हणजे माउस नाही. मग टचचा लॅपटॉप आला आणि हे गणित कोसळलं. मला एक नकाशाची साइट भेटली होती, टच दिसल्याबरोबर तिने माउस ऐकणंच बंद केलं. टचपॅडवर बोटं झिजवा, नकाशा ढिम्म. उलटा त्रासही होता. बाण नुसता वर नेला की उघडणारे मेनू बोटाने उघडायचे कसे? बोट "नुसतं वर नेता" येत नाही. ते काचेवर असतं किंवा नसतं. शिवाय मोबाइलचे ब्राउझर प्रत्येक टिचकीनंतर एक तृतीयांश सेकंद थांबायचे, दुसरी टिचकी येते की काय हे बघायला, कारण दोन टिचक्या म्हणजे चित्र मोठं करा. २०१४ च्या सुमारास क्रोमने मोबाइलला साजेशा पानांपुरतं ते थांबणं काढून टाकलं. पुढे माउस, बोट आणि पेन या तिघांना एकाच भाषेत वाचायची पद्धत वेबच्या मानकांत आली आणि डिसेंबर २०१६ मध्ये क्रोमने ती उचलली. आज बहुतेक साइट्स टचच्या लॅपटॉपवर शहाण्यासारख्या वागतात. जुने ऑनलाइन फॉर्म वगळून. त्यांच्याशी झगडायला माउसच हवा.

हे सगळं सुधारलं तरी एक गोष्ट सुधारणार नाही, ती म्हणजे आपला खांदा. समोर उभ्या असलेल्या पडद्याला सतत बोट लावायचं म्हणजे हात हवेत धरून ठेवायचा. पाच मिनिटांत दंड भरून येतो. हे दुखणं बरंच जुनं आहे. एचपीने १९८३ मध्ये एचपी-१५० नावाचा टचस्क्रीनचा संगणक काढला होता, तेव्हापासून ते माहीत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलच्या कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्स यांनी हेच कारण देऊन मॅकला टच नको म्हटलं होतं. ते निम्मे बरोबर होते, असं मला वाटतं. दिवसभर कुणी उभ्या पडद्याला बोटं लावत बसत नाही हे खरं. पण अधूनमधून लावतात. एखादं बटण दाबायला, लांबलचक पान झर्रकन खाली न्यायला, फोटो दोन बोटांनी मोठा करायला. माझी भाची चौथीत आहे. तिला टच नसलेला लॅपटॉप दिला की पहिली दोन मिनिटं ती स्क्रीनला बोट लावते, काही होत नाही म्हणून "बिघडलाय" असं जाहीर करते आणि मग वैतागून टचपॅड घेते. तिच्या पिढीला काच म्हटलं की ती हलायलाच हवी.

दुसरी अडचण लॅपटॉपच्या शरीराची आहे. स्वस्त लॅपटॉपचं बूड हलकं असतं. बिजागरीपासून पंधरा सेंटिमीटर वर, पडद्याच्या वरच्या कडेला बोटाने टोचलं, की पडदा मागे झुलतो आणि परत येतो. बोट सरकवायच्या आधीच काच पळते. सैल बिजागरीचा टच लॅपटॉप म्हणजे झुलत्या फळ्यावर खडूने लिहिण्यासारखं आहे. बिजागरी घट्ट केली, तर एका हाताने झाकण उघडताना अख्खा लॅपटॉप उचलला जातो. म्हणून बुडाला वजन वाढवावं लागतं.

या दोन्ही अडचणींवरचा इलाज एकच निघाला: बिजागरी पूर्ण फिरवणं. २०१५ मध्ये असुसने क्रोमबुक फ्लिप आणलं. १०.१ इंची, वजन ९०० ग्रॅमच्या आत, किंमत २४९ डॉलरपासून, आणि पडदा ३६० अंशांत मागे वळणारा. आता पडदा मागे दुमडून लॅपटॉप पाटीसारखा हातात धरता येतो, किंवा तंबूसारखा ओट्यावर उभा करता येतो. कीबोर्ड मधून गेला, हात पडद्याच्या जवळ आला, पडदा झुलायचा थांबला. माझ्या मते स्वस्त लॅपटॉपमध्ये टचला खरा अर्थ आला तो इथे. काच दोन वर्षं आधीच आलेली होती, अडून बसली होती बिजागरी.

पण पडदा मागे वळला की कीबोर्ड खालच्या बाजूला येतो आणि धरणाऱ्या हाताची बोटं त्याच्या कळांवर पडतात. तेव्हा कीबोर्ड आपोआप बंद व्हायला हवा. यंत्राला कसं कळणार की आपण दुमडले गेलोय? युक्ती छान आहे. झाकणात एक आणि बुडात एक असे दोन सेन्सर असतात, आणि दोघांनाही फक्त "खाली" कुठे आहे तेवढंच कळतं. दोघांच्या "खाली"ची तुलना केली की मधला कोन निघतो. पेटीच्या झाकणाचं उदाहरण घ्या. झाकणाला ओळंबा बांधला, तर झाकण जसजसं उघडेल तसतसा दोरा झाकणाशी वेगळा कोन करेल. तेवढ्यावरून झाकण किती उघडलंय ते सांगता येतं.

आता तोच ओळंबा घराच्या दाराला बांधा. दार बंद असो, अर्धं उघडं असो, सताड उघडं असो, दोरा दाराशी तसाच समांतर लटकतो. दार किती उघडलंय हे त्यावरून अजिबात कळत नाही, कारण दाराची बिजागरी स्वतःच उभी आहे. लॅपटॉप पुस्तकासारखा आडवा उघडून धरला की नेमकं हेच होतं. बिजागरी उभी होते आणि दोन्ही सेन्सर गप्प बसतात. म्हणून अशा वेळी यंत्र नव्याने कोन काढायच्या फंदात पडत नाही, आधीचा भरवशाचा निर्णय धरून बसतं. काही उत्पादक बिजागरी पूर्ण वळल्याचं ओळखायला चुंबकाचा सेन्सरही घालतात. कधी पलंगावर लोळत वाचताना कीबोर्ड उगाच जागा झाला, तर त्याच्या मागे असलाच काही ओळंब्याचा घोळ असू शकतो.

हातात पाटी आली, पण पाटीवर करायचं काय? वेबपानं वाचायला ठीक होती. बोटासाठीच घडवलेली ॲप होती ती अँड्रॉइडवर. गूगलने २०१४ मध्ये मोजकी अँड्रॉइड ॲप क्रोमबुकवर आणून पाहिली, आणि मे २०१६ मध्ये अख्खं प्ले स्टोअरच आणायचं जाहीर केलं. सुरुवात तीन यंत्रांपासून झाली, तिन्ही टचस्क्रीनची, त्यात असुसचं फ्लिपही होतं. २०१७ पासून येणाऱ्या नव्या क्रोमबुकांना ही सोय असेल असं ठरलं, आणि मग टच हा भाग चैनीच्या यादीतून हळूहळू गरजेच्या यादीत सरकला. अँड्रॉइडचे खेळ, चित्रं काढायची ॲप, नोंदवह्या हे सगळं बोट गृहीत धरूनच बनवलेलं असतं. टचपॅडने ते चालतं, पण चमच्याने पोळी खाल्ल्यासारखं वाटतं.

मात्र याची किंमत मेमरीत मोजावी लागते. अँड्रॉइड ॲप चालवायची म्हणजे एका यंत्रात दुसरी संपूर्ण व्यवस्था मांडायची. ४ जीबी मेमरीच्या क्रोमबुकवर दहा टॅब आणि दोन अँड्रॉइड ॲप एकदम उघडून बघा, मागचा टॅब परत उघडताना नव्याने लोड होतो. टचचे पैसे आणि ८ जीबीचे पैसे यांत निवड करायची वेळ आली, आणि बिजागरी साधी असेल, तर मी डोळे मिटून मेमरी घेईन.

पेनाबद्दल थोडं. दुकानात रबरी टोकाचा जो स्वस्त स्टायलस मिळतो तो नुसतं बोटाचं सोंग घेतो. टोक जाड, हाताचा तळवा टेकला की तोही उमटतो. खऱ्या पेनात स्वतःचं सर्किट असतं, बऱ्याच पेनांत बॅटरीही. यंत्राला पेन वेगळं ओळखू येतं, म्हणून तळव्याकडे दुर्लक्ष करता येतं. पण त्यासाठी पडदाही तशा पेनाचा हवा, प्रत्येक टचस्क्रीनला ते चालत नाही. गणिताचे अपूर्णांक, भूमितीच्या आकृत्या, शिक्षकांनी वहीवर मारलेल्या लाल रेघा यांना कीबोर्ड कामाचा नाही, तिथे पेन खरंच उपयोगी. मराठी लिहायलाही बोटाचा थोडा आधार होतो. ज्यांना देवनागरी कीबोर्ड येत नाही ते एखादं आडनाव किंवा अवघड जोडाक्षर बोटाने गिरवून आणू शकतात, तशी ॲप फोनवर बरीच वर्षं आहेत. अख्खा अर्ज मात्र त्याने लिहू नका. चार ओळींत कंटाळा येतो.

आता भारतातलं चित्र. एचपीने गूगलबरोबर ऑक्टोबर २०२३ पासून चेन्नईजवळ क्रोमबुकं जोडायला सुरुवात केली. इथल्या स्वस्त यंत्रांमध्ये टच असलेली आणि नसलेली अशी दोन्ही मिळतात आणि फरक काही हजारांचा असतो. टचच्या काचेत बऱ्याचदा वरची काच आणि खालचा पडदा एकत्र चिकटवलेले असतात. म्हणजे तडा नुसत्या काचेला गेला तरी सगळं एकदम बदलावं लागतं. शिवाय वरची काच चकचकीत, खिडकीकडे पाठ करून बसलं की स्क्रीनमध्ये आधी स्वतःचा चेहरा दिसतो.

जुना साठा किंवा वापरलेलं यंत्र घेत असाल तर अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने हा काळ दहा वर्षांचा केला, पण ती वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजत नाहीत, ती त्या बनावटीचं यंत्र पहिल्यांदा आलं तेव्हापासून चालू झालेली असतात. सेटिंग्जमध्ये ती तारीख दिसते.

दुकानात गेलात तर एवढं करा. लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवा आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला बोटाने दोनदा टोचा. पडदा किती वेळ झुलतो ते मनात मोजा. एखादं लांब पान उघडून बोटाने जोरात सरकवा, अक्षरं बोटाबरोबर येतात की मागून धावतात ते बघा. पडदा पूर्ण वळत असेल तर दुमडून, मग पुस्तकासारखा आडवा धरून कळांवर बोटं दाबून बघा. पडदा मागे वळतच नसेल तर टचचा विचार सोडून द्या आणि ते पैसे मेमरीकडे वळवा. दुकानदार "एवढं कुणी बघतं का" म्हणाला, तर समोर दुसरं दुकान असतंच.